चपला काढून बसणारा मेकॅनिक

कॉटन ग्रीनच्या गोदामांमागचा हा मेकॅनिक आधी बॉनेट उघडतच नाही. चपला काढून शेजारच्या सीटवर बसतो, तळवे खाली टेकवतो आणि म्हणतो, "पुलावर घ्या."

माझी गाडी चढावर मधूनच दम टाकायची, सर्व्हिस सेंटरमध्ये मात्र शहाण्यासारखी वागायची. तिथल्या टाय लावलेल्या माणसाने ती न चालवताच सांगितलं, "टर्बो बदला, दीड लाख." आणि मी मूर्ख, हो म्हणणार होतो!

पुलावर त्याच्या तळव्यांना काहीतरी जाणवलं. खाली उतरताच त्याने बॉनेट उघडून टर्बोची हवा इंजिनाला नेणारा रबरी पाइप वाकवला. बारीक चीर होती, जोर पडला तरच उघडणारी.

मी सर्व्हिस सेंटरचं दीड लाखाचं सांगितलं. त्याने विचारलं, "त्यांनी चालवून बघितली?"

"नाही."

तो इतका भडकला की चपला उलटसुलट पायांत घातल्या. "साहेब, दीड लाखाचा नवा टर्बो बसवून त्याला हाच फाटका पाइप लावून दिला असता!"