साइड स्टँडवर भरलेली टाकी

माझ्या हातून पेट्रोल पंपावर एक अप्रामाणिक कृत्य घडलं आहे, आणि तेही बायकोच्या सख्ख्या भावाशी. ते लिहून टाकल्याशिवाय मला बरं वाटणार नाही.

माझी नोकरी सौंसरला, घर पांढुर्ण्यात. वीस वर्षं मी एकाच मोटारसायकलवर अप-डाउन केलं. गाडी कार्बोरेटरची, किकची. थंडीत चोक ओढायचा, पाच किका मारायच्या, सहावीला ती खोकत उठायची. आज कितव्या किकला उठणार, हे मला तिच्या पहिल्या आवाजावरून कळायचं. बायकोच्या आवाजावरून इतकं कधी कळलं नाही.

माझा साळा मोहगावला राहतो. त्याचा संत्र्याचा बगीचा आहे. मागच्या वर्षी त्याने नवी गाडी घेतली आणि पहिल्याच रविवारी आमच्या दारात आणून उभी केली. तिला कार्बोरेटर नाही. पेट्रोल इंजेक्शनने मोजून आत जातं. मी म्हटलं, "सुरू तर करून दाखव."

"सुरूच हाय, भाऊजी."

मी वाकून इंजिनाला कान लावला. आत काहीतरी पुटपुटत होतं.

"हे इंजिन हाय का शिलाई मशीन?"

"अन् तुमचं थ्रेशर हाय. तुमी सौंसरले किक मारता अन् मोहगावात कुत्रे उठते."

तासभर आम्ही भांडलो. तो सेन्सरवर बोलत होता, मी लोखंडावर. शेवटी बायको हात पुसत बाहेर आली. त्याच्या आधीच्या दिवाळीत माहेरी जाताना चढावर माझी गाडी बंद पडली होती आणि तिने जरीची साडी खोचून ती ढकलली होती. ते ती विसरली नव्हती.

"एवढं काहून बोलून राहिले? एव्हरेज काढा दोघायचं. नवीचं जास्त निघालं तर हे डबडं इकायचं अन् तशीच गाडी घ्यायची. जुनीचं निघालं तर मी पुन्हा एक शब्द बोलणार नाई."

आमच्याकडे एव्हरेज काढायची एकच खात्रीची रीत आहे. मिस्त्री पेट्रोल मोजून बाटलीत भरतो, बाटली हँडलला टांगतो, टाकीची नळी काढून बाटलीची नळी जोडतो, आणि गाडी बंद पडेपर्यंत चालवायची. पण नवीचा पेट्रोल चढवणारा पंपच टाकीच्या आत. शीर न सापडणाऱ्या नर्ससारखा मिस्त्री बाटली घेऊन तिच्याभोवती दोनदा फिरला आणि म्हणाला, "हिले बाटली नाई लागत. टाक्या फुल करा, फिरून या, परत फुल करा."

दोन्ही गाड्या मेन स्टँडवर सरळ उभ्या करून आम्ही काठोकाठ भरल्या आणि सौंसरवरून बोरगावपर्यंत जाऊन परत त्याच पंपावर आलो. माझा मीटर कधीचाच मेला होता, म्हणून अंतर त्याच्या मीटरवरचं धरायचं ठरलं. परतीच्या वाटेवर माझ्या गाडीला पेट्रोलचा वास येऊ लागला. आपण हरणार हे मला तेव्हाच कळलं.

साळ्याने गाडी मेन स्टँडवर लावली. मी साइड स्टँडवर. गाडी कलती असली की टाकीची वरची बाजू रिकामीच राहते आणि पेट्रोल मात्र तोंडाशी आलेलं दिसतं. म्हणजे पेट्रोल कमी मावतं आणि एव्हरेज फुगतं, हे मला वीस वर्षांपासून ठाऊक होतं.

"काका, मेन स्टँडवर घ्या ना," पंपवाला म्हणाला.

"गुडघा धरला बावा," मी म्हणालो. गुडघा ठणठणीत होता.

साळ्याला दया आली. "राहू द्या, भाऊजी. तशीच भरा."

मला दोन-तीन किलोमीटरने जिंकायचं होतं. हिशोब निघाला तेव्हा लिटरमागे त्याचं एव्हरेज एकसष्ट होतं आणि माझं चौऱ्याऐंशी. पंपवाल्याने गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "काका, हे पाण्यावर चालते का?"

मी हसलो. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

बायकोने शब्द पाळला. गाडीबद्दल बोलणं बंद केलं. साळा मात्र खचला. त्याने दोनदा गाडी शोरूममध्ये नेली. त्यांनी तिला लॅपटॉप लावला आणि कागदावर लिहून दिलं की काही दोष नाही. मोहगावात लोक त्याला विचारू लागले, "काहो, म्हाताऱ्या गाडीनं हरवलं म्हणते?" तो बसने फिरू लागला.

मग एका रविवारी तो आला आणि ओट्यावर बसून म्हणाला, "भाऊजी, एक मागू? तुमची मले द्या, माझी तुमी घ्या. तुमचं इंजिन ते इंजिन."

बायको आतून धावत आली. "देऊन टाका!"

असा मी अडकलो. गप्प बसलो तर गाडी जाणार, आणि खरं बोललो तर शर्तीप्रमाणे विकावी लागणार. दोन्हीकडून गाडी जातच असेल तर निदान पाप तरी डोक्यावर कशाला, असा विचार करून मी सगळं सांगितलं. साइड स्टँड, टाकीची रिकामी बाजू, गुडघा.

साळ्याने माझ्या गुडघ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "गुडघ्यावर मी तुमाले बामची बाटली आणून देली होती."

"हाव."

"लावली का?"

"नाई."

बायको म्हणाली, "मी लावली. माझ्याच गुडघ्याले. हे डबडं ढकलून ढकलून धरलेल्या."

पुन्हा टेस्ट घ्या म्हणून मी दोघांच्या विनवण्या केल्या, पण बायकोने ती होऊ दिली नाही. पुढच्या आठवड्यात साळ्याच्या गाडीसारखीच गाडी आमच्या दारात आली. जुनी साळ्यानेच नेली, बगिच्यात संत्र्याचे क्रेट वाहायला.

नवीवर मी पहिल्या दिवशी सौंसरला गेलो. चालू गाडीचं सेल्फ दोनदा दाबलं, कारण ती चालू आहे हे कळलंच नाही. चढ आला केव्हा आणि गेला केव्हा, पत्ता नाही. ऑफिसात पोचेपर्यंत मला जुनीची एकदाही आठवण आली नाही. हे मी घरी कोणाला सांगितलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी साळ्याचा फोन आला. "भाऊजी, म्हातारी उठून नाई राहिली."

मी लगेच मोहगावला गेलो. चोक अर्धा ओढला, दोन किका मारल्या, ती उठली. साळा बघतच राहिला. मी त्याला बजावलं की या इंजिनाचा कार्बोरेटर दर रविवारी साफ करावा लागतो, आणि ते काम माझ्याशिवाय कोणाला जमायचं नाही.

तेव्हापासून मी दर रविवारी मोहगावला जातो. कार्बोरेटर दर रविवारी साफ करावा लागत नाही.