अण्णांना न सांगितलेली नोकरी

नोकरी सोडली हे बायकोला त्याच दिवशी सांगितलं. आता ट्रक चालवणार आहे हे सांगायला मात्र आठ दिवस लागले. ती गवार मोडत बसली होती. म्हणाली, "डोकं ठिकाणावर आहे ना?" मी म्हणालो, आहे. तिने सगळी गवार मोडून संपवली. मग म्हणाली, "अण्णांना कळता कामा नये. खचतील ते."

अण्णा म्हणजे माझे वडील. मराठवाड्यातून हमालीला आले, हमाली करता करता गाडी शिकले आणि चौतीस वर्षं ट्रक चालवला. का, तर पोरगा खुर्चीवर बसला पाहिजे. दुसरं काही त्यांना आयुष्यात नकोच होतं. बारा वर्षांचा असताना एकदा मी त्यांच्या गाडीत ड्रायव्हरच्या सीटवर चढून हॉर्न वाजवला. त्यांनी दंडाला धरून खाली ओढलं आणि अशी कानाखाली काढली की शाळेतही कान दुखत होता. "ह्या चाकाला पुन्हा हात लावलास तर हात मोडीन." तेव्हा मला त्यांचा भयंकर राग आला. खूप वर्षांनी आईने सांगितलं, की त्याच आठवड्यात गाडीमालक शेठच्या पोराचं लग्न होतं आणि अण्णांचं जेवण मांडवाबाहेर, चपलांच्या ढिगाशेजारी वाढलं होतं. ते स्वतः त्याबद्दल कधी चकार शब्द बोलले नाहीत.

तर मला खुर्ची मिळाली. एका कंपनीत एचआरमध्ये लागलो आणि बावीस वर्षांत मॅनेजर झालो. काचेची केबिन, दारावर नाव. अण्णा एकदा येऊन त्या खुर्चीत बसून गेले होते. नंतर काचबिंदूने त्यांचे डोळे गेले, आता फक्त उजेड-अंधार कळतो. पण ती केबिन त्यांनी पाहून ठेवली होती. मीरा रोडला आमच्या सोसायटीत खाली बाकड्यावर बसून ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे, "मेरा लडका साब है. उसके सही के बिना किसीका पगार नहीं होता." हे खोटं होतं, पण मी कधी दुरुस्त केलं नाही.

खरं काम काय होतं ते सांगतो. शेवटची चार वर्षं मी माणसं काढत होतो. वरून यादी यायची, मी एकेकाला केबिनमध्ये बोलवायचो, पाण्याचा ग्लास पुढे करायचो आणि गोड बोलून राजीनाम्यावर सही घ्यायचो. गोड बोलण्यात माझा हात कुणी धरला नसता. एका दुपारी यादीत आमचा स्टोअरकीपर होता. मी लागलो त्याच महिन्यात लागलेला माणूस. सही केली त्याने, पेन टोपण लावून परत दिलं आणि विचारलं, "साहेब, डबा आणलाय. जेवून गेलो तर चालेल का?" नियम असा होता की सही झाली की सिक्युरिटीने गेटपर्यंत सोडायचं. मी नियम पाळला. तो डब्याची पिशवी घेऊन गेला आणि मी कँटीनमध्ये जाऊन जेवलो. जेवलो! त्या जेवणाची मला आजही शिसारी येते. पंधरा दिवसांनी मी माझाच कागद वर पाठवला.

ट्रकच का, असं बायकोने शंभरदा विचारलंय. मला दुसरं काही सुचलं नाही, हे खरं उत्तर. गोण्या रडत नाहीत, खोकी पाणी मागत नाहीत, एवढंच डोक्यात होतं. आणि लहानपणी ज्या सीटवरून ओढून काढलं तिच्यावर बसायची कुठेतरी खाज असणारच. सत्तेचाळिसाव्या वर्षी मोठ्या गाडीचं लायसन्स काढायला गेलो तेव्हा शिकवणारा कपाळाला हात लावून म्हणाला, "साहेब, क्लच आहे तो, जरा प्रेमाने दाबा!" हसलो दोघेही. सगळ्या प्रकरणात मनापासून हसलो तेवढंच.

लोकांना वाटतं ट्रक म्हणजे मोकळा रस्ता. अहो, घोडबंदरला मोकळा रस्ता बघितलाय कुणी? भाईंदर पूर्वेच्या गाळ्यांतून स्टीलची भांडी भरायची, गायमुखच्या घाटात दोन-दोन तास इंजिन तापवत बसायचं आणि भिवंडीच्या गोडाऊनबाहेर नंबर येईपर्यंत वाट बघायची. कंबर गेली, गुडघे गेले. लघवीला जायची सोय नाही म्हणून पाणी प्यायचं नाही. माझ्या पोराच्या वयाचा वॉचमन ओरडतो, "ए ड्रायव्हर, पीछे ले!" आणि मी मागे घेतो. पहिल्या महिन्यातच कळलं होतं, चूक झाली. पण या वयात सोडलेल्या खुर्चीवर परत कोण बसवतं? मीच तर बावीस वर्षं अर्ज चाळले होते, पंचेचाळीसच्या पुढचे बाजूला काढायचो. सुखी झालो असतो तर अण्णांना सांगायचा धीर तरी झाला असता. सांगायला माझ्याकडे काहीच नव्हतं.

म्हणून नाटक चालू राहिलं. रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून निघायचं, काशिमीऱ्याला उभ्या ट्रकमध्ये कपडे बदलायचे, परत येताना पुन्हा साहेब व्हायचं. अण्णांना दिसत नव्हतं, पण हाताला शर्टाची बाही लागायची, नाकाला वास कळायचा. डिझेलचा वास जावा म्हणून मी पेट्रोलपंपावर साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचो. बायको वैतागून म्हणायची, "तुमच्या नाटकाला इस्त्री मीच करायची!" पण करायची. संध्याकाळी अण्णा विचारायचे, "काय म्हनतंय हापिस?" मग मी बसून कथा रचायचो. आज अमक्याला बढती दिली, तमक्याची सुट्टी मंजूर केली. माझ्या खोट्या ऑफिसातून दीड वर्षात एकही माणूस निघाला नाही. अण्णा समाधानाने मान डोलवायचे आणि मला स्वतःची लाज वाटायची.

मग तो रविवार आला. मेव्हण्याने त्याची कार दोन दिवसांसाठी आमच्याकडे ठेवली होती. कार तर मी आधीपासून चालवायचो. साहेब लोक चालवतातच, त्यात अण्णांना वावगं वाटत नव्हतं. बायको म्हणाली, उत्तनजवळ पालीला जाऊ, सुकी मासळी घेऊ, अण्णांनाही वारा लागेल. गेलो. अण्णा किनाऱ्याशी तासभर वाऱ्याकडे तोंड करून बसले. बायकोने एका मावशीशी घासाघीस करून बोंबील घेतले. "बाय, ताजं सुकवलेलं हाय, वास बघ ना," म्हणत मावशीने एक बोंबील अण्णांच्याही नाकाखाली धरला तेव्हा ते खळखळून हसले. इतके खुश मी त्यांना खूप दिवसांत पाहिलं नव्हतं.

निघताना त्यांना पुढच्या सीटवर बसवलं. बायको पिशव्या घेऊन मागे बसली. अण्णांच्या हातातली काठी मी घेतली, मागे ठेवायला. आणि काय झालं मला, कुणास ठाऊक. काठी घेऊन मी गाडीभोवती फिरलो आणि एकेका टायरवर ती मारत गेलो. आम्ही ट्रकवाले रोज सकाळी करतो तेच. टॉमीने, म्हणजे जाड लोखंडी सळईने, टायर वाजवायचा. हवा भरलेली असेल तर खणखणीत वाजतो, कमी असेल तर बद्द. मागचा एक बद्द वाजला म्हणून त्याच्यावर पुन्हा दोनदा मारली, वाकून हाताने दाबला. चालण्यासारखा होता. येऊन स्टेअरिंगवर बसलो आणि गाडी सुरू केली.

उत्तन मागे पडलं. मग अण्णा म्हणाले, "कवाधरनं चालवायलास?"

"काय?"

"मोठी गाडी."

मी म्हणालो, "अण्णा, काहीतरीच काय."

"लेका, चौतीस वर्सं त्योच आवाज ऐकलाय म्या. साहेब लोक टायर वाजवत न्हाईत."

मग मात्र माझा तोल सुटला. दीड वर्ष झालं, म्हणालो. हो, ट्रक चालवतो. तुम्हाला काय माहीत त्या खुर्चीत काय काय करावं लागायचं! माणसांच्या पोटावर पाय देत होतो मी, तुमच्या त्या केबिनमध्ये बसून. स्टोअरकीपरचं सांगितलं, डब्याचं सांगितलं. आवाज इतका चढला की बायको मागून म्हणाली, "हळू, हळू चालवा आधी." अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. राई गाव आलं तेव्हा त्यांनी तोंड उघडलं.

"मग म्या कशापायी चालवली रे?"

रागाने विचारलं असतं तर मी भांडलो असतो. ते रागावले नव्हते. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं आणि ते माझ्याकडे मान वळवून उत्तराची वाट बघत होते. बावीस वर्षं माणसांना काय बोलावं हे सुचणं हाच माझा धंदा होता. मी गिअर बदलला.

थोड्या वेळाने ते म्हणाले, "गाडी थांबव."

मला वाटलं, त्यांना मळमळतंय. कडेला घेतली, उतरून त्यांच्या बाजूचं दार उघडलं.

"मला मागं बसव."

"अण्णा, मागे पिशव्या आहेत, पुढेच बसा ना."

"मागं बसव म्हन्लं."

बायकोने पिशव्या पायाशी घेतल्या. मी अण्णांना हाताला धरून मागे बसवलं, दार लावलं आणि रिकाम्या सीटशेजारी येऊन बसलो. मीरा रोड आलं. सोसायटीच्या गेटपाशी गाडी हळू झाली तेव्हा अण्णांनी विचारलं, "घर आलं का?"

विचारलं ते माझ्या बायकोला.