बिनकाडीची आग

सेफ्टी डिपार्टमेंटमध्ये खरं तर किस्से साठायलाच नकोत. काही घडलं नाही, याचाच आम्हाला पगार मिळतो! पण तळोज्यात, रंगासाठी लागणारं रेझिन बनवणाऱ्या आमच्या प्लँटमध्ये कर्णिक मॅडम सेफ्टी ऑफिसर म्हणून आल्या आणि त्यांचा असिस्टंट म्हणून माझ्याकडे किस्स्यांचा ढीग लागला. सकाळी खांदेश्वर स्टेशनबाहेर कंपनीच्या बसची वाट बघत उभे राहिलो, की एक तरी निघतोच.

* * *

मॅडमचा लाडका विषय एकच, ऑटोइग्निशन. काडी नको, ठिणगी नको, वस्तू पुरेशी तापली की आपली आपण पेटते. पहिल्याच ट्रेनिंगला त्यांनी हे सांगितलं आणि विचारलं, "कळलं का? उदाहरण द्या बरं कुणीतरी."

म्हात्रे उठला. हा आमचा सगळ्यात जुना ऑपरेटर, इथल्याच गावचा.

"मॅडम, आमचे देसाईसायेब. त्यांना कवा माचीस लागली? निस्तं 'मशीन बंद हाय' बोला!"

सगळे हसले. तेवढ्यात कळलं, की प्लँट मॅनेजर देसाईसाहेब मागच्या दारात उभे आहेत. कानापर्यंत लाल!

म्हात्रे शांतपणे म्हणाला, "बगा, तापलं."

* * *

साहेबांनी पुढच्या ट्रेनिंगला पहिल्या रांगेत बसून हिशेब चुकता करायचं ठरवलं. मॅडमनी विचारलं, "तापलेल्या पत्र्यावर आधी काय पेटेल, पेट्रोल की डिझेल?"

"पेट्रोल! यात काय विचारायचं?" साहेब गरजले.

"ठिणगी दाखवलीत तर पेट्रोल. नुसत्या उष्णतेवर मात्र डिझेल आधी."

साहेबांनी भरपूर वाद घातला, अजिबात मान्य केलं नाही. संध्याकाळी बघतो तर बॉयलर हाउसच्या भिंतीला कायम उभी असणारी त्यांची डिझेल गाडी पार गेटजवळ!

"सावली असते तिथे," साहेब म्हणाले.

आमच्या गेटजवळ एकही झाड नाही.

* * *

आमच्याकडे एक जुनी पद्धत होती. टॉवेल, हातमोजे, तेल पुसायच्या चिंध्या, सगळं वाळायला वाफेच्या पाइपवर टाकायचं. मॅडमनी पाहिलं आणि त्यांचे डोळेच पांढरे झाले. रेझिनमध्ये जवसाचं तेल असतं. ते लागलेलं कापड गुंडाळून पडलं, की हवा लागून आतल्या आत तापत जातं आणि पेटतं. त्याला पाइपचीही गरज नाही, वर ही मंडळी त्याला शेक देत होती!

मॅडमनी तिथल्या तिथे सगळं गोळा करून पाण्याच्या झाकणबंद डब्यात बुडवलं. पाचच मिनिटांत बाथरूममधून म्हात्रेचा आवाज आला.

"मॅडम! आग लागंल तवा लागंल! माझी इज्जत आताच चाललीय, टॉवेल द्या!"

* * *

कँटीनच्या हिरामावशी सारसोळ्याच्या कोळीण. मॅडमच्या ट्रेनिंगला त्या न चुकता यायच्या आणि न चुकता झोपायच्या. एका दुपारी बोंबील तळायला ठेवलेलं तेल जास्त तापलं आणि कढईने भडका घेतला. मी फायर एक्स्टिंग्विशर घेऊन धापा टाकत पोचलो, तर गॅस बंद, कढईवर परात आणि मावशी स्टुलावर.

"मावशी, तुम्हाला कसं सुचलं?"

"मॅडमनीच सांगितलेलं ना, पानी नाय टाकायचं, झाकन टाकायचं."

"पण तुम्ही तर झोपला होतात!"

"डोळं झोपलेलं रं," मावशी म्हणाल्या. "आनि तो लाल डबा लांब धर, बोंबलाचं वाटोळं करशील!"

* * *

हसण्यावारी सगळं जायचं. एका सकाळपर्यंत.

हीटरवर तापवलेलं तेल ज्या पाइपमधून प्लँटभर फिरतं, त्याला वरच्या माळ्यावर गळती होती. पाइपभोवती काचेच्या लोकरीचं जाड वेष्टन असतं, ते तेलाने भिजलं होतं. गरम पाइपवरच वेष्टन सोडवून बोल्ट आवळायचा ही आमची नेहमीची रीत. म्हात्रे पाना घेऊन शिडीवर चढलासुद्धा. मॅडमना खालीच जळकट वास आला.

"म्हात्रे, खाली उतरा! हीटर बंद!"

देसाईसाहेब धावत आले. त्या दिवशी मोठी ऑर्डर निघायची होती. "मॅडम, हे तेल किती डिग्रीला पेटतं ते ड्रमवर छापलंय. आपली लाइन त्याच्या कितीतरी खाली आहे!"

"ते उघड्या तेलाचं, साहेब. लोकरीत ते पसरतं, उष्णता कोंडते. तिथे खूप आधी पेटतं."

"काही निघालं नाही तर राजीनामा द्याल?"

"देईन. म्हात्रे, उतरा."

म्हात्रे उतरला. दुपारपर्यंत लाइन थंड होऊ दिली. मग आग विझवायच्या पावडरचे सिलिंडर तयार ठेवून लांब आकड्याने वेष्टन ओढलं. आत लोकर काळी पडली होती, मधोमध लाल निखारा. हवा लागली आणि भस्सकन ज्वाळा आली, बरोबर म्हात्रेचं तोंड आलं असतं तिथे. पावडर मारून विझवली. गरम लाइनवर काय झालं असतं, याचा विचार करायला मला आजही नको वाटतं.

साहेब म्हणाले, "मॅडम, राजीनामा लिहिला असेल तर फाडा. चहा सांगतो."

मॅडमचे उपकार आम्ही कधी तोंडावर बोलून दाखवले नाहीत. आम्हाला ते जमतही नाही. ते काम म्हात्रेच्या बायकोने केलं.

* * *

त्याच आठवड्यात सुरेखावहिनी गेटवर आल्या. नवी साडी, हातात ताट, त्यात हळदकुंकू, नारळ, निरांजन. सिक्युरिटीने नियमाप्रमाणे माचिस काढून घेतली. मॅडम बाहेर आल्या आणि सगळा प्रकार बघून गडबडल्याच.

"वहिनी, अहो, हे कशाला? आणि निरांजन नाही हं पेटवता येणार. सॉल्व्हंटचा टँकर उभा आहे."

वहिनींनी मॅडमचं हेल्मेट जरा मागे सरकवून कुंकू लावलं, ओटी भरली आणि ते न पेटवलेलं निरांजन तसंच त्यांच्यावरून ओवाळलं.

"असू द्या, मॅडम," त्या म्हणाल्या. "दिवा माझे घरान लागलेला हाय."