दिलीपचे कान

हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि तिच्यापासून मी एरवी फारसं काही लपवत नाही. गोष्ट दिसायला इतकी लहान आहे, की ती लपवायला मला काही करावंच लागलं नाही. नुसतं गप्प बसलो.

आता आम्ही लंडनला — म्हणजे कॅनडातल्या, ऑन्टारियो प्रांतातल्या लंडनला — राहतो. त्याआधी सस्कॅचेवान प्रांतातल्या एका लहान गावात होतो. गावाबाहेर हायवेला लागून शेतीची अवजारं बनवणारा कारखाना, आणि मी तिथे क्वालिटी इंजिनिअर. आसपास वेल्डर मिळेनात, म्हणून मालकांनी परदेशातून माणसं आणायचं ठरवलं. त्यांतला एक दिलीप. नागपूरजवळ हिंगण्याच्या एमआयडीसीत काम केलेला, माझ्याहून बराच लहान. त्याच्या वर्क परमिटवर आमच्याच कंपनीचं नाव होतं, दुसरीकडे काम करायची मुभा नव्हती. सहा महिने नीट गेले, की मालक सही करणार; मग प्रांताचं नॉमिनेशन, म्हणजे शिफारस, मग पी.आर., म्हणजे कायम राहायचा परवाना, मग नागपूरहून बायको आणि मुलगी. सगळं त्या सहीवर अडलेलं. मालक हुशारी बघत नसत. हिवाळ्यात माणूस रोज वेळेवर येतो का, आणि खरं बोलतो का, एवढंच बघत.

गावात बस नव्हती. दिलीपकडे गाडी नव्हती, तेव्हा मोबाइलही नव्हता. तो भाड्याने राहायचा त्या बेसमेंटपुढे मी रोज थांबायचो, हॉर्न द्यायचो, की तो डबा घेऊन बाहेर. गाडीत अखंड बोलायचा. इंग्रजी मोडकंतोडकं, पण शॉपमधल्या, म्हणजे वर्कशॉपमधल्या, सगळ्यांशी त्याची दोस्ती. ते त्याला 'डिल' म्हणायचे. मला ते आदराने वागवायचे — आणि आदराने वागवलेल्या माणसाला कुणी घरी बोलावत नाही, हे मला सहा वर्षांत कळलं होतं.

एका सोमवारी तो गाडीत बसला तोच हसत. फोरमनने त्याला गोठलेल्या तळ्यावर नेलं होतं.

"सर, बर्फाले भोक पाडून मासे! खुर्ची टाकून बसाचं अन् बिअर प्याची. तुमी गेले असान ना?"

"नाही."

"एकदाही नाही? मंग रविवारी करता काय जी तुमी?"

तो थट्टेनेच म्हणाला. मीही हसलो. पुढे म्हणाला, "मालक म्हणे, कागद तयार करून ठेवले. येत्या महिन्यात सही."

मी अभिनंदन केलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, ज्या चौकात रोज त्याच्या घराकडे वळायचो, तिथे वळलो नाही. सरळ कारखान्यात गेलो. रागाने? नाही, राग नव्हता. त्या दिवशी मला त्याचं बोलणं ऐकायचं नव्हतं — बस. इतकं साधं कारण असू शकतं का? मी पुष्कळदा दुसरं शोधलं. सापडलं नाही.

फोरमनने विचारलं, डिल कुठे? मी म्हणालो, "हॉर्न दिला. बाहेरच आला नाही."

दिलीप शिफ्ट सुरू झाल्यावर खूप उशिरा आला. हायवेवर चालत निघाला होता, कुणीतरी पिकअपमध्ये घेतलं. पापण्यांवर बर्फ. संध्याकाळी गाडीत म्हणाला, "सर, मी तं खिडकीतच उभा होतो. हॉर्न आलाच नाही ना."

"दोनदा दिला," मी म्हणालो. "वारा होता."

ते 'दोनदा' कशाला जोडलं मी? नुसतं 'दिला' म्हटलं असतं तरी त्याने मानलं असतं. त्याने टोपी काढून कान चोळले. मग म्हणाला, "मंग माझे कानच गेले असन. शॉपच्या आवाजानं." त्याने माझ्यावर नाही, स्वतःच्या कानांवर शंका घेतली. आणि मी — हे लिहायला जड जातंय — मी म्हणालो, "तपासून घे एकदा."

त्याने प्रामाणिकपणे जाऊन फोरमनला सांगितलं, ऐकू कमी येतंय. शॉपमध्ये डोक्यावरून क्रेन फिरते. तिचा भोंगा ज्याला ऐकू येत नाही, त्याला तिथे कसं उभं करायचं? मालकांनी सही थांबवली. आधी तपासणी म्हणाले. शहरातल्या क्लिनिकची तारीख मिळायला आठवडे गेले. तपासणी झाल्यावर दिलीप गाडीत टाळ्या वाजवत बसला — "एकदम फर्स्ट क्लास कान, सर!" त्याचा अर्थ काय होणार, हे त्याच्याआधी मला कळलं होतं.

मालकांनी मला आत बोलावलं. कान चांगले आहेत, म्हणजे हा झोपून राहिला आणि वर बहाणा केला. उशीर मी विसरलो असतो, म्हणाले, पण थाप नाही. मग म्हणाले, तू त्याला ओळखतोस — तुला काय वाटतं?

दार बंद होतं. तिसरं कुणी नव्हतं. ते वाट बघत होते.

"आय कान्ट से," मी म्हणालो.

सही झाली नाही. त्या वर्षी ऑर्डरीही घटल्या, परमिट संपलं. एअरपोर्टवर मीच सोडलं त्याला. बॅग उतरवताना त्याने विचारलं, "घरी काय सांगू, सर?" मी म्हणालो, मंदी आली म्हणून सांग. त्याने मान हलवली.

तो परत हिंगण्याला वेल्डिंग करतो, असं ऐकलं. त्याची बायको आणि मुलगी इथे कधी आल्या नाहीत. जाताना त्याने दिलेला घरचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे. मी फोन केलेला नाही. तुम्हाला सांगणं जमलं, कारण तुम्ही त्याला ओळखत नाही.