अक्काची लस

एक खोटं मी दोन वर्षं लपवून ठेवलं. माझी थोरली बहीण, अक्का, मेहरूणला माझ्याच घरी राहते. तिला संधिवात आहे आणि त्यावरच्या गोळ्यांनी प्रतिकारशक्ती कमी होते. तिचे रिपोर्ट घेऊन मी एकटाच धुळ्याला गेलो, तेव्हा डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, ‘त्यांना न्यूमोनियाची लस द्या.’ पण त्याच महिन्यात माझ्या मुलीचं लग्न होतं. आधीच्या एका लशीनंतर अक्काची बोटं दोन दिवस सुजली होती. आता ती आजारी पडली तर पापड, रुखवत, पाहुणे कोण बघणार, एवढाच विचार मी केला. घरी येऊन म्हणालो, ‘डॉक्टर म्हणाले, तुला लस चालत नाही.’

कुणी लशीचा विषय काढला की ती अभिमानाने सांगे, ‘मना भाऊ डॉक्टरले इचारीसन उना.’ भाऊ डॉक्टरांना विचारून आला, याचा तिला केवढा भरवसा!

गेल्या थंडीत तिला न्यूमोनिया झाला. अकरा दिवस ती ऑक्सिजनवर होती. मी दिसलो की मास्क बाजूला करून विचारायची, ‘जेवलास का?’

बरी झाल्यावर तिला धुळ्याला नेलं. डॉक्टरांनी विचारलं, ‘लस घेतली नव्हती का?’

अक्का हसली. ‘वा साहेब! तुम्हीच नको म्हटलं, आणि आता मलाच रागावता?’

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मग अक्कानेही.

‘अक्का, त्यांनी घ्यायलाच सांगितलं होतं,’ मी म्हणालो. ‘नको मी म्हटलं, लग्नाच्या कामांसाठी. मला माफ कर.’