खालची केबिन

आमच्या ट्रिपवाल्यांना किस्से गोळा करावे लागत नाहीत. परतल्यावर बॅगा रिकाम्या केल्या, कपडे धुतले, वाटायचं ते वाटून झालं की बॅगेच्या तळाशी वाळू राहते ना, तसे ते राहतातच. साताऱ्याचा मी, रहिमतपूरचे निवृत्त सुभेदार जगताप आणि त्यांचे शेजारी दादासाहेब, सांगलीजवळच्या माधवनगरचे कापडवाले हमीदभाई आणि त्यांच्या मिसेस रशीदाभाभी. दर हिवाळ्यात आम्ही कुठेतरी जातो. एरवी कुणाच्या घरी चहाला बसलो की एकाने किस्सा सुरू करायचा आणि बाकीच्यांनी मध्ये तोंड घालून त्याची वाट लावायची, अशी पद्धत आहे. बोटीचे किस्से निघाले की मात्र मध्ये कुणी बोलत नाही. हमीदभाई तर उठून गॅलरीत जातात.

*

बोट ठरली ती सुभेदारांच्या ओसरीवर. इंडोनेशियाच्या बेटांमधून फिरणारी, छोटी आणि बऱ्यापैकी जुनी. एजंट मोबाइलवर फोटो दाखवत होता. लाकडी भिंतींच्या ऐसपैस केबिन, पितळी मुठी, जाड पडदे.

"मोठ्या बोटीत अख्खं सातारा स्टँड भरलेलं असतं," एजंट म्हणाला. "इथं तुमची तुम्ही. शांतता, आराम."

सुभेदारांनी चष्मा पुसला. "बांधलीय कवा?"

"मेंटेनन्स एकदम टॉप आहे सर."

"मी मेंटेनन्स न्हाई विचारला. वय विचारलं."

"वय आहे थोडं. पण आतून सगळी नवीन केलीय. गाद्या तर एकदम ब्रँड न्यू."

"बुडताना गादी काय करायची?"

एजंटने फोटो पुढे सरकवला. लिफ्ट आहे का, असं मी विचारलं. लिफ्ट नव्हती. आणि तिथेच खरा प्रश्न निघाला, कारण भाभींचे दोन्ही गुडघे गेलेले. पायरी चढताना त्या आधी हात टेकतात, मग श्वास घेतात, मग पाय उचलतात.

"मग वरची केबिन घ्या," सुभेदार म्हणाले. "लाइफबोटी वरच असत्यात."

"वरची हलते सर," एजंट म्हणाला. "सगळ्यात खालची, मधोमध असलेली, तिथं पोटातलं पाणी हलणार नाही."

भाभींना गाडी लागते. माधवनगरहून साताऱ्याला येईपर्यंत लिंबू हुंगत येतात आणि खंबाटकीचा घाट म्हटला तरी त्यांचा चेहरा उतरतो. हमीदभाईंनी बायकोकडे बघितलं, भाभींनी फोटोकडे.

"खालची द्या," हमीदभाई म्हणाले. "दोन जिनेच तर हायेत."

"उतरायला दोन," सुभेदार म्हणाले. "चढायला किती, ते त्या दिवशी कळंल."

स्वतःसाठी त्यांनी वरची घेतली, बाकी आम्ही सगळ्यांनी खालची.

*

बोटीवर पाय ठेवला आणि जिने बघितले. जिने कसले, माळ्यावर चढायची शिडी असते तसे उभे, फक्त गालिचा घातलेले. भाभी उतरायला लागल्या तेव्हा मागे परदेशी पाहुण्यांची रांग थांबली. सगळे हसतमुख, सगळे सभ्य, आणि सगळे तिष्ठत.

बोटीचा सेफ्टी ऑफिसर खाली उभा होता. चाळिशीचा, सडपातळ, हातात सतत टॉर्च. त्याने हमीदभाईंना सलाम केला, भाभींचे गुडघे बघितले आणि एक केबिन वरच्या मजल्यावर रिकामी असल्याचं सांगितलं. हमीदभाईंना तो सलामामुळे घरचाच वाटला होता. ते लगेच तयार झाले.

वरच्या केबिनमध्ये भाभींनी एक रात्र काढली. सकाळी मी गेलो तर हमीदभाई बादली धरून बसलेले आणि भाभींना मान उचलवत नव्हती.

"मला खाली न्या," त्या म्हणाल्या. "मरायचं तर एकदाच मरू द्या. हे दर लाटेला कोन मरनार?"

दुपारच्या आत बॅगा परत खाली गेल्या. ऑफिसरने जिन्याच्या वरच्या पायरीवरून खालच्या पायरीपर्यंत एकदा टॉर्च फिरवला.

*

आता आपल्याकडे खोलीत चपला घालून कोण जातं? आम्हीही गेलो नाही. संध्याकाळपर्यंत खालच्या अरुंद पॅसेजमध्ये प्रत्येक दारासमोर चपला, बूट, सपाता. दादासाहेबांचे गमबूटसुद्धा होते. उसाला पाणी पाजताना घालतात ते. बेटावर चिखल असेल म्हणून आणलेले.

ऑफिसर आला, थबकला आणि मोबाइल काढून फोटो घ्यायला लागला.

"वास येतोय म्हनून तक्रार करनार वाटतं," दादासाहेब कुजबुजले.

तो इंग्रजीत बोलला, मी जमेल तसं मराठीत सांगितलं. धूर झाला की दिवे जातील. दिवे गेले की माणसं भिंतीला हात लावून पळतील. पहिला माणूस या बुटांवर पडेल, बाकीचे त्याच्यावर.

सुभेदार पलटणीत असल्यासारखे ओरडले, "सगळ्या चपला आत. आत्ता."

"आत कशाला? केबिनमधी घान करू का?" दादासाहेब म्हणाले.

पण माणसं ऐकणारी. दुसऱ्या दिवशी सकाळी पॅसेजची जमीन अगदी स्वच्छ होती. प्रत्येकाने आपल्या चपला पिशवीत घालून भिंतीवर टांगल्या होत्या. टांगायला सोयीचं होतं ते आग विझवायचं लाल नळकांडं. गमबूट त्याच्या नळीला.

ऑफिसरने त्याचाही फोटो काढला.

*

पॅसेजच्या टोकाला, जिन्याच्या अलीकडे, एक लोखंडी दार होतं. आपोआप मिटणारं आणि भलतंच जड. भाभींना ते ढकलता येईना. शिवाय ते मिटलं की पॅसेज कोंदट व्हायचा आणि या केबिनमधून त्या केबिनमध्ये गप्पा मारता यायच्या नाहीत. दादासाहेबांनी त्यात चिवड्याचा डबा अडकवला. झकास वारा यायला लागला.

ऑफिसरने डबा काढला. तासाभराने डबा परत. त्याने परत काढला. तिसऱ्या खेपेला तो डबा हातात घेऊन आमच्यासमोर उभा राहिला आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. बोट जुनी आहे, तो म्हणाला. आत लाकूड आहे, पडदे आहेत, गालिचे आहेत. तुम्हाला जे जे आवडतं ते सगळं पेटणारं आहे. धुराला अडवणारं हे एकच दार आहे.

मी भाषांतर केलं. हमीदभाईंनी विचारलं, "धुराला अडवतंय ते कळलं. हिला अडवतंय त्याचं काय?"

ऑफिसरने चिवडा परत दिला.

त्या दिवशी जेवायला जाताना मी मागे राहिलो होतो. भाभी दारापाशी एकट्या होत्या. हाताने दार हलेना, तेव्हा त्यांनी दाराकडे पाठ केली, चौकटीला हात धरला आणि सगळं अंग मागे टाकलं. दार उघडलं. मला बघून त्या ओशाळल्या.

"यांना सांगू नका," म्हणाल्या. "उगाच कौतुक करत बसतील आन् मला रोज करायला लावतील."

*

मग ड्रिल. भोंगा झाला की लाइफ जॅकेट घालून वरच्या डेकवर जमायचं. सुभेदारांनी आमची चौघांची तुकडी आधीच नेमली होती. ते स्वतः, दादासाहेब, हमीदभाई आणि मी. भाभींना खुर्चीत बसवायचं आणि खुर्ची चौघांनी उचलायची.

"पूर आला तेव्हा आमच्या गल्लीतनं म्हाताऱ्यांना असंच काढलंवतं," हमीदभाई म्हणाले. सांगलीकडचा माणूस पाण्याचं बोलला की त्याच्याशी वाद घालता येत नाही.

भोंगा झाला. खुर्ची उचलली. पहिला जिना निम्मा गेला आणि वळणावर खुर्चीचा पाय कठड्यात अडकला. पुढे सुभेदार ओढतायत, मागे दादासाहेब ढकलतायत, भाभी मागच्या बाजूला कललेल्या, आणि त्यांच्या नजरेसमोर खाली उभी असलेली माणसं. तीच सभ्य माणसं. लाइफ जॅकेट घातलेली, वर बघणारी. या वेळी कुणी हसत नव्हतं.

"डावीकडं घ्या."

"आवं, माझी डावी का तुमची?"

"हमीदभाई, सोडू नका."

"मी धरलंय. तुमीच सोडताय."

भाभी शांतपणे म्हणाल्या, "मला खाली ठेवा. मी पडले तर एकटी पडंन. तुमी पाडलं तर पाच जनं."

ऑफिसरने वरून हे सगळं बघितलं. हमीदभाईंनी त्याला विचारलं, "ही खरी आग असती तर?" त्याने अडकलेल्या खुर्चीकडे बघितलं, खालच्या रांगेकडे बघितलं आणि टॉर्च बंद केला.

त्या संध्याकाळी हमीदभाई आणि सुभेदारांचं वाजलं. ते एकमेकांना काय बोलले ते इथे लिहीत नाही. बायकोला शिडीखाली झोपवणारा माणूस आणि हुकूम सोडून स्वतः घामाघूम होणारा माणूस, एवढ्यावर आलं होतं. भाभी मध्ये बसून मोसंबी सोलत होत्या. सोललेली एक फोड यांना, एक त्यांना.

*

दोन दिवसांनी समुद्र खवळला. वरच्या मजल्यावर कपाटं आपली आपण उघडायला लागली. माणसं भिंतीला धरून केबिनमध्ये शिरली ती बाहेर आली नाहीत. जेवणाच्या खोलीत फक्त पांढरे टेबलक्लॉथ इकडून तिकडे सरकत होते.

मी कसाबसा खाली पोचलो. खालच्या केबिनमध्ये भाभी पलंगावर टेकून चहा पीत होत्या. कपात चहा जेमतेम हलत होता. जमिनीवर, त्यांच्या सतरंजीवर, सुभेदार जगताप उताणे पडले होते. चेहरा हिरवट. छातीवर घट्ट धरलेलं लाइफ जॅकेट.

"सुभेदार," भाभी म्हणाल्या, "वरचं सेफ हाय म्हनत होता न्हवं?"

सुभेदारांनी डोळे न उघडता सांगितलं, "सेफच हाय. पन तितं जगता येत न्हाई."

हमीदभाईंनी त्यांच्या डोक्याखाली उशी सरकवली. भांडण तिथे मिटलं.

*

शेवटचा किस्सा शांत समुद्रावरचा आहे. दुपारची जेवणं झाली होती. आम्ही चौघं वरच्या डेकवर बसलो होतो, भाभी खाली पडल्या होत्या. भोंगा झाला.

"ड्रिल असंल," दादासाहेब म्हणाले आणि पाय ताणले.

तेवढ्यात वास आला. रबर जळतं तसा. ऑफिसर पळत गेला, आणि तो पळताना मी आधी कधी बघितला नव्हता. कुणीतरी ओरडलं की कपडे धुवायच्या खोलीत धूर आहे. ती खोली खालच्या पॅसेजला लागून.

हमीदभाई उठले ते थेट जिन्याकडे. त्यांच्यामागे आम्ही तिघं. खालून माणसं वर येत होती, आम्ही त्यांच्या अंगावरून खाली. कुणीतरी माझी बाही धरली, मी न बघताच सोडवली. ऑफिसर इंग्रजीत ओरडत होता. त्याचं भाषांतर मी कुणाला केलं नाही.

लोखंडी दार ओढून आत गेलो. दिवे गेलेले, फक्त जमिनीलगतची, वाट दाखवणारी हिरवी पट्टी चमकत होती. वर छताला धूर. केबिनचं दार उघडं. पलंग रिकामा.

"रशीदा," हमीदभाईंनी हाक मारली. "ए रशीदा, कां है तू?"

मी बाथरूम बघितलं. दादासाहेबांनी पलंगाखाली हात फिरवला. नाही. शेजारची केबिन, नाही. त्याच्या पलीकडची, नाही. धूर छातीपर्यंत आला होता. दादासाहेब खोकायला लागले आणि थांबेनात.

"कुटंतरी पडली असंल," हमीदभाई म्हणाले. "मीच खालची घेतली. मीच."

"गप बसा आन् वाका," सुभेदार म्हणाले. "खाली हवा हाय. एकेक दार बघायचं. मानूस टाकून वर जायचं न्हाई."

मी म्हणालो, "सुभेदार, आता जायला पाहिजे."

"तुमी जावा."

मी गेलो नाही. कुणीच गेलं नाही. चौघंही गुडघ्यांवर आलो आणि रांगत पुढच्या दाराकडे निघालो. हमीदभाईंचा हात माझ्या पायावर होता.

छतातला स्पीकर खरखरला. आधी कॅप्टनचा आवाज, काय ते कळलं नाही. मग कुणीतरी माइकवर जोरात श्वास घेतला. जिना चढून आलेलं माणूस घेतं तसा.

"आवं," स्पीकरमधून भाभींचा आवाज आला. "मी वर हाय. सगळी मानसं मोजून झाली. तुमी चौघंच कमी हाय, आन् तुमच्यापायी होडी अडलीय."