इमामभाईंचा इश्टू

तमाम अंबाजोगाईकरांना, म्हणजे सरकारी दप्तरात ज्यांना मोमिनाबादकर म्हणतात त्या सर्वांना, अत्यंत गंभीरपणे जाहीर करण्यात येते की आपल्या गावात एक पदार्थ सतरा वर्षं सलग बिघडत होता आणि तो बिघडवण्याच्या कटात खुद्द या मजकुराचा लेखक सामील होता. लेखक जातीनं लिंगायत, धंद्यानं किराणा दुकानदार. पदार्थ बड्याच्या, म्हणजे बैलाच्या, मटणाचा. लेखकानं तो कधी चाखला नाही, पुढंही चाखणार नाही. तेव्हा साक्षीदार म्हणून माझी लायकी काय, ते उघडच आहे. पण बाकीचे दोन साक्षीदार आता कबरस्तानात आहेत. मला बोलणं भाग आहे.

शेख इमाम हे छावणीतल्या रिसाल्याच्या डॉक्टरसाहेबाचे खानसामा. अंगानं किरकोळ, मिशी मेंदीनं लाल केलेली, आणि नाक असं की माझ्या दुकानातली पोती त्यांना भ्यायची. आले की आधी पोत्यात हात घालणार, मूठ नाकाशी नेणार, आणि सलाम त्यानंतर. एकदा जिरं हुंगून मला म्हणाले, "अप्पा, हे जिरं म्हातारं झालंय. याला आता पेन्शन द्या." मिरीबद्दल त्यांची तक्रार अशी, की ती हजर हाय, पर काम करत न्हाई. दुकानात चार गिऱ्हाइकं उभी असताना हे सगळं मोठ्यानं चालायचं. मी हात जोडायचो. ते खूश व्हायचे आणि तेच जिरं घेऊन जायचे.

त्यांचा साहेब इंग्रज नव्हे, आयरिश. हा फरक इमामभाई फार ठासून सांगत. टेबलावर कुणी त्याला इंग्रज म्हटलं तर साहेब ताट सारून उठायचा, आणि मग रात्रभर ऑम्लेटं करत बसायचं काम इमामभाईंच्या गळ्यात यायचं. हा साहेब एकदा लांबच्या रजेवर आपल्या मुलखात गेला आणि इमामभाईंना बरोबर घेऊन गेला. मागं घरी बायको जैनब आणि पाच वर्षांची हलीमा.

त्या मुलखाचं वर्णन मी इतक्यांदा ऐकलंय की मला तिथली वाटही दाखवता येईल. पाऊस असा की थांबला तर लोक घाबरून आभाळाकडं बघतात. चुलीत लाकूड नाही, वाळलेल्या मातीच्या विटा जाळतात. साहेबाची म्हातारी आई स्वतः चुलीपुढं बसते आणि लोखंडी भांड्यात बड्याचं मटण, बटाटे, गाजरं, कांदे आणि मूठभर जव घालून दुपारभर रटरटत ठेवते. इमामभाईंच्या तोंडी त्याचं नाव इश्टू. मसाला म्हणून काही नाही. चार मिरे, मीठ आणि ओव्यासारखा वास येणारी कसलीशी काडी. म्हातारी त्यात काळी दारूही ओतायची, पण इमामभाई घरात असेपर्यंत तिनं त्या बाटलीचं बूच काढलं नाही. जनावरही ते आपल्या हातानं हलाल करत. हे ते प्रत्येकाला बजावून सांगत, न विचारणाऱ्याला तर आधी.

तिथं त्यांना जैनबभाबीचं पत्र मिळालं. दीड महिन्याचा प्रवास करून आलेलं. हलीमा तापानं गेली होती आणि तिला पुरूनही दीड महिना झाला होता. साहेबानं पत्र वाचून दाखवलं. इमामभाई जाऊन भिंतीशी बसले. म्हातारीला त्यांची भाषा येत नव्हती, यांना तिची. ती त्या इश्टूचा वाडगा भरून घेऊन आली, तो यांच्या हातात दिला आणि समोर जमिनीवर बसली. वाडगा रिकामा झाला की पुन्हा भरायची. रात्र पडेपर्यंत तिनं एवढंच केलं.

आपल्याकडं मुसलमानांच्या घरी मयत झाली की तीन दिवस चूल पेटत नाही. शेजारीपाजारी जेवण पाठवतात. हलीमा गेली तेव्हा दोन वेळचं पिठलं-भाकरी आमच्या घरून गेलं होतं. इमामभाई दरवर्षी मला विचारत, "अप्पा, त्या म्हातारीला आपली रीत कुणी सांगितली असंल?"

परत आल्यावर हलीमाच्या दिवशी, म्हणजे ती गेली त्या तारखेला, त्यांनी पहिल्यांदा इश्टू केला. जैनबला तिचं दुःख एकटीनं काढावं लागलं, त्याची सल त्यांना होती. ती चव एकदा तिच्या तोंडात पडली म्हणजे आपण दोघं एका जागी बसून रडलो असं होईल, असा त्यांचा हिशेब. खानसाम्याचा हिशेब, दुसरं काय.

पण चव जमली नाही. कारण सांगतो. मटण बिनमसाल्याचं शिजतंय हे जैनबभाबीला बघवलं नाही. दारात शेजारी बसलेले, आणि छावणीच्या खानसाम्याच्या घरातून आजाऱ्याला देतात तसला रस्सा बाहेर येणार. तिनं नवऱ्याची पाठ वळताच काळ्या मसाल्याची एक चिमूट टाकली. इभ्रतीसाठी, बस. इमामभाईंनी घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "जवळ आलं, पर पोचलं न्हाई."

मग बसले ते हलीमाबद्दल बोलत. बाकी वर्षभर त्या पोरीचं नाव त्यांच्या तोंडून निघायचं नाही. भाबीनं काढलं तर उठून बाहेर जायचे. पण त्या दिवशी देगची चुलीवर चढली की तोंड उघडायचं. ती बकरीच्या पाठीवर कशी बसायची, बापाच्या मिशीला मेंदी कशी लावायची, सगळं. भाबी गुडघ्यावर हनुवटी टेकून ऐकायची.

दुसऱ्या वर्षी त्यांनी मसाल्याचा डबा पेटीत टाकून कुलूप लावलं. म्हणून भाबी चिमूटभर मसाला मागायला माझ्या दुकानात आली आणि पहिल्या वर्षीचं सगळं सांगितलं. मी विचारलं, भाबी, आता कशाला, होऊ द्या की त्यांच्या मनासारखं. ती पदराची गाठ सोडत म्हणाली, "एकदा जमलं की ह्ये हात धुवून उठतील, अप्पा. मग माझ्या पोरीबद्दल माझ्याशी कोण बोलंल?"

मी पुडी बांधून दिली. तेव्हापासून दरवर्षी देत आलो.

आता माझे अपराध. दर खेपेला इमामभाई माझ्यापाशी येऊन कारण शोधायचे आणि मी अगदी वैद्याच्या चेहऱ्यानं ते पुरवायचो. एका वर्षी मी पाण्यावर ठपका ठेवला. एका वर्षी जवावर. एकदा म्हणालो, गाजरं घाटनांदूरची पाहिजेत, तिथली जमीन वेगळी. ते उन्हातून जाऊन पाठीवर गाजरं घेऊन आले. आल्यावर माझ्याच दुकानाच्या पायरीवर बसून त्यांनी एक गाजर मला खायला दिलं. तेही मी वाहवा करत शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्लं.

त्यांचीही एक खोड मला कळत नसे. एवढा कसबी माणूस, छावणीत कुणाला झाकणाला हात लावू देत नसे, पण घरी ऐन रंगात आलेली देगची तशीच टाकून अस्रच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, नमाजाला मशिदीत जायचा. मी त्यांच्या दारातल्या ओट्यावर बसलेला असायचो. ते गेले की भाबी माझ्याकडं बघायची, मी रस्त्याकडं बघायचो.

सतराव्या वर्षी थंडीत भाबी खाटेला खिळली. तिनं मला बोलावणं पाठवलं आणि खाट उंबऱ्याशी ओढून घ्यायला लावली; मी ओट्यावरच बसलो. आवाज उरलाच नव्हता. म्हणाली, आता चिमूट तुमी टाकायची. म्हणालो, भाबी, मी त्या देगचीजवळ कसा जाऊ?

"कावून? देगची काय चावती का?" ती म्हणाली. जरा हसलीही. मग म्हणाली, "एकटे हाईत आता. बोलायचं बंद पडू देऊ नका."

दोन दिवसांनी ती गेली. पुन्हा आमच्या घरून पिठलं-भाकरी गेलं. इमामभाईंनी ताटाला हात लावला नाही.

हलीमाचा दिवस आला. मला वाटलं, या वर्षी ते येणार नाहीत. आले. बटाटे घेतले, कांदे घेतले, जव घेतले. काहीच हुंगलं नाही. म्हणाले, "दुपारी या, अप्पा."

मी सदऱ्याच्या खिशात पुडी घेऊन ओट्यावर जाऊन बसलो. देगची रटरटत होती. इमामभाई चुलीसमोर बसले होते आणि एक शब्द बोलत नव्हते. हलीमा नाही, बकरी नाही, म्हातारी नाही. अजान झाली तसे उठले, माझ्याकडं न बघता चपला घालून गेले.

घरात कुणी नव्हतं. मी गळ्यातलं इष्टलिंग सदऱ्याच्या आत नीट सारलं, श्वास रोखला आणि जन्मात पहिल्यांदा तो उंबरा ओलांडून त्या चुलीपाशी गेलो. झाकण उचललं. वाफ तोंडावर आली. चिमूट घ्यायला गेलो, तर घामानं भिजलेली पुडीच सुटली आणि सगळा मसाला आत पडला. मी कागद तेवढा काढला, झाकण ठेवलं आणि ओट्यावर येऊन बसलो. दगडफुलाचा वास रस्त्यापर्यंत आला होता.

इमामभाई परतले. त्या नाकाला काय कळायचं ते उंबऱ्यातच कळलं असणार. पण ते शांतपणे बसले, वाडग्यात वाढून घेतलं, फुंकर घातली आणि मोठा घास घेतला. जोराचा ठसका लागला. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मी गुन्हा कबूल करायला उभा राहिलो, तर ते माझ्याकडं बघतच नव्हते. चुलीच्या पलीकडं, भाबी बसायची त्या रिकाम्या जागेकडं वळून त्यांच्या तोंडून निघून गेलं,

"आज लई पडला गं जैनब. दरसाल तर चिमूटच टाकतीस."